चालू मालिकेबद्दल मत देताना आणि मालिका सुचवताना

चालू मालिकेबद्दल मत देणं म्हणजे अर्धवट गोष्टीबद्दल बोलणं. सिनेमा पूर्ण होऊन समोर येतो, मालिकेचं तसं नसतं. पहिल्या चार भागांवर फिदा झालेला माणूस आठव्या भागाला कपाळावर हात मारून घेतो, आणि तोवर त्याने निम्म्या मित्रमंडळींना ती बघायला लावलेली असते. म्हणून मत सांगण्याआधी आपण कुठपर्यंत पाहिलं आहे ते सांगायचं. ‘सीझन २, भाग ५ पर्यंत’, बस. एवढंही नसेल तर पुढचं सगळं हवेत राहतं. आपण सुरुवातीबद्दल बोलतोय, मधल्या रखडपट्टीबद्दल की शेवटाबद्दल, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्गच नसतो.

किती पाहिल्यावर बोलावं

आधी मालिका कशी येते आहे ते बघा. नेटफ्लिक्सने फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे १३ भाग एकाच दिवशी आणले, आणि अख्खा सीझन एकदम टाकण्याची पद्धत रुळली. आठवड्याला एक भाग ही जुनी रीत तरीही टिकून आहे. शिवाय तुकडे पाडण्याचा प्रकार आहेच: ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा चौथा सीझन २०२२ मध्ये २७ मे आणि १ जुलै अशा दोन हप्त्यांत आला. सगळे भाग उपलब्ध असतील तर अर्धवट पाहून निकाल देण्याला फारसं कारण नाही. आठवड्याला एक येत असेल तर अर्धवट मत अटळ आहे, फक्त ते अर्धवट आहे हे लपवू नका.

पहिल्या भागावरून मालिकेची परीक्षा करणं सर्वांत धोक्याचं. पायलट, म्हणजे नमुन्यादाखल केलेला पहिला भाग, हा बऱ्याचदा वाहिनीला पटवण्यासाठी बनवलेला असतो. मंजुरी मिळाल्यावर काही महिन्यांनी लेखकांची टोळी बसते, कलाकार बदलतात, सूर बदलतो. ‘साइनफेल्ड’च्या १९८९ च्या पायलटमध्ये एलेन हे पुढे मुख्य ठरलेलं पात्रच नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा मूळ पायलट इतका फसला की त्याचा बहुतेक भाग पुन्हा चित्रित झाला आणि दोन महत्त्वाच्या भूमिकांत नवे कलाकार आले. अमेरिकन ‘द ऑफिस’चा पहिला सीझन सहाच भागांचा. त्यातला पहिला भाग तर ब्रिटिश मालिकेची जवळपास नक्कल होता. मालिकेला स्वतःचा आवाज सापडला तो दुसऱ्या सीझनमध्ये.

म्हणून प्रकारानुसार मोजमाप ठेवा. विनोदी मालिकेला किमान चार ते सहा भाग द्या. पात्रं ओळखीची झाल्याशिवाय त्यांच्यावर हसू येत नाही, आणि विनोदी मालिकेची सुरुवात ओळखपरेडीतच जाते. थरारक किंवा कौटुंबिक नाट्याला तीन भाग पुरतात. दर भागात नवं प्रकरण सुटणारी मालिका असेल तर पायलट सोडून मधले कुठलेही दोन-तीन भाग बघा, तीच तिची खरी तब्येत. चार ते आठ भागांची मर्यादित मालिका मात्र पूर्ण करूनच बोला, कारण तिथे शेवटावरच सगळा डोलारा उभा असतो. स्पर्धेच्या कार्यक्रमात निवडफेरीचे भाग आणि पुढचे भाग हे जवळपास दोन वेगळे कार्यक्रम असतात, तेव्हा दोन्हींतला एकेक पाहिलेला असावा.

रोज लागणाऱ्या मालिकेला सलग एक आठवडा. एखाद्या दिवसाच्या भागात एक बातमी आणि ती ऐकून सहा जणांचे चेहरे, एवढंच असू शकतं, आणि आठवड्याच्या शेवटी मात्र नाट्य एकदम उसळी घेतं, कारण प्रेक्षक सुट्टीनंतर परत यायला हवा असतो. फक्त शेवटचा भाग पाहिला तर मालिका वेगवान वाटेल, फक्त मधला पाहिला तर ठप्प.

‘पहिले काही भाग सहन कर, मग पकड घेते’ हे वाक्य तोंडावर येईल तेव्हा आधी हिशोब करा. ५० मिनिटांचे चार भाग म्हणजे २०० मिनिटं, तीन तास वीस मिनिटं. समोरच्याकडून आपण तेवढं उधार मागतोय. मागा, पण आकडा सांगून मागा.

बघताना काय टिपावं

एकापाठोपाठ भाग पाहिले की डोक्यात त्यांचा काला होतो. दोन दिवसांनी चौथ्या भागातला प्रसंग सहाव्यात होता असं आपण छातीठोकपणे सांगतो. फोनवर एक नोट उघडी ठेवा आणि प्रत्येक भागासाठी दोन ओळी पुरे:

सी१ भा४, ३१:०० – चौकशीचा प्रसंग, एकही संवाद वाया नाही.
सी१ भा५, १२:०० – फोन हातात घेतला.

ही दुसरी ओळ सर्वांत कामाची. मन कुठे उडालं हे आठवून सांगता येत नाही, पण हात फोनकडे कधी गेला ते टिपता येतं. तीन भागांत तो त्याच उपकथानकाच्या वेळी गेला असेल तर मालिकेचं दुखणं सापडलं. उलट एखादा प्रसंग मागे नेऊन पुन्हा बघावासा वाटला तर तेही मिनिटासकट टिपा.

आवाज कुठला लावला होता तेही लिहा. परभाषेतली मालिका उघडताना पुष्कळदा डब केलेला आवाज आपोआप लागतो. तो तसाच ठेवून ‘अभिनय यांत्रिक आहे’ असं म्हणणं म्हणजे दुसऱ्याच माणसाच्या आवाजाचा राग नटावर काढणं. ‘डार्क’ किंवा ‘स्क्विड गेम’सारख्या मालिकांबद्दल अशी मतं ढिगाने सापडतात. सबटायटलमध्येही फरक असतो: श्रवणसाहाय्यासाठीची, आवाजांचं वर्णन देणारी सबटायटलं कधीकधी डबच्या मजकुरावरून केलेली असतात, मूळ संवादावरून नाही. मूळ आवाज लावून ती निवडली की कानावर एक पडतं आणि डोळ्यांसमोर दुसरंच येतं. यादीतलं दुसरं सबटायटल निवडून पाहिलं की बऱ्याचदा प्रश्न सुटतो.

‘बोअर आहे’ म्हणजे नेमकं काय

मतात सगळ्यांत कमी किंमत असलेले शब्द म्हणजे भारी, बकवास, जबरदस्त, बोअर. ते वापरू नयेत असं नाही, पण त्यांच्यामागे एक पुरावा हवा. ‘बोअर आहे, पुढेच सरकत नाही’ या वाक्याऐवजी असं लिहून बघा: ‘भाग ४ ते ६ मध्ये तपास जागचा हलत नाही. प्रेक्षकाला तिसऱ्या भागात कळलेली गोष्ट पोलिसांना कळायला तीन भाग लागतात, आणि तोवर प्रत्येक साक्षीदार तेच वाक्य वेगळ्या खोलीत बसून बोलतो.’ आता वाचणारा स्वतः ठरवू शकतो. काहींना अशा मालिका चालतात, विशेषतः हातात दुसरं काम असताना.

संथ आणि रखडलेली यांत गल्लत फार होते. संथ मालिकेत वेळ जातो, पण त्या वेळात काहीतरी साचत असतं: एखाद्याचं न बोलणं, घरातली जागा बदलणं, पुढे उपयोगी पडणारी वस्तू. पाणी घालून वाढवलेल्या मालिकेत आधी पाहिलेलीच माहिती परत येते. दोन पात्रं तिसऱ्याला घडलेलं सांगतात, मग तिसरं चौथ्याला. चाचणी सोपी आहे. एक भाग वगळून पुढचा बघितला आणि काहीच अडलं नाही, तर तो भाग भरतीचा. आठ-दहा भागांच्या सीझनमध्ये हे दुखणं बहुधा पाच ते सातच्या दरम्यान निघतं: सुरुवातीचा मसाला संपलेला असतो आणि शेवटासाठी राखून ठेवलेलं इतक्यात वापरायचं नसतं.

एक अपवाद ओळखून ठेवा. खर्च वाचवण्यासाठी एकाच जागेत, मोजक्या पात्रांत उरकलेला भाग दरवेळी भरतीचाच असतो असं नाही. ‘ब्रेकिंग बॅड’च्या तिसऱ्या सीझनमधला ‘फ्लाय’ हा दहावा भाग असाच आहे, जवळजवळ सगळा एका प्रयोगशाळेत घडणारा. कथानक इंचभर सरकतं म्हणून काहींना तो नकोसा होतो, आणि दोन पात्रांमधलं नातं तिथेच उघडं पडतं म्हणून काही जण त्याला डोक्यावर घेतात. दोन्ही मतं टिकतात, कारण दोन्हींना दाखवायला जागा आहे.

घाईत गुंडाळलेला किंवा आखूड सीझन दिसला की त्यामागे पडद्याबाहेरचं कारण असू शकतं. अमेरिकेतल्या लेखकांच्या २००७-०८ च्या १०० दिवसांच्या संपामुळे ‘ब्रेकिंग बॅड’चा पहिला सीझन नऊऐवजी सात भागांचा झाला. २०२३ चा लेखकांचा संप १४८ दिवस चालला. असं कारण पक्कं ठाऊक असेल तर जरूर सांगा. ठाऊक नसेल तर ‘बजेट संपलं असणार’, ‘नटीचं भांडण झालं असणार’ असल्या पुड्या सोडू नका. आणि कारण खरं असलं तरी प्रेक्षकाची संध्याकाळ वाया गेली ती गेलीच. कारण सांगा, माफी देण्याचं ओझं घेऊ नका.

कथाकल्पना, संवाद, गती, अभिनय, छायाचित्रण, संगीत, शेवट: या सगळ्यांवर एकेक वाक्य लिहायची प्रथा आहे. ती सोडून द्या. मालिका ज्या एका गोष्टीमुळे तरते किंवा बुडते तिच्यावर चार वाक्यं लिहा, बाकीचं कोणी विचारलं तर सांगा.

रेटिंग वाचण्याची रीत

समीक्षा गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचा ९५ टक्के हा आकडा म्हणजे शंभरात ९५ गुण नव्हेत. ९५ टक्के समीक्षकांचं मत अनुकूल होतं, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना ‘ठीक आहे, बघण्यासारखी’ वाटलेली मालिकाही तिथे चमकते. ६० टक्क्यांना ‘फ्रेश’चा शिक्का मिळतो. मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ समीक्षांना गुण देऊन भारित सरासरी (काही समीक्षांना जास्त वजन देणारी) काढतं, त्यामुळे कौतुक किती जोराचं आहे हे तिथे कळतं. दोन्ही शेजारी ठेवून बघा: पहिला आकडा खूप वर आणि दुसरा मध्यम असेल तर मालिका निरुपद्रवी, कुणाला न दुखावणारी असण्याची शक्यता जास्त.

समीक्षकांना पुष्कळदा सुरुवातीचे काहीच भाग आधी दाखवलेले असतात. सीझन सुरू होताना दिसणारा आकडा त्या भागांचा आहे, शेवटाचा नाही. एकूण गुणांपेक्षा आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षकांनी दिलेले भागवार गुण जास्त बोलके असतात. शेवटाकडे घसरण दिसली तर सुचवण्याआधी दोनदा विचार करा. धोका इतकाच की एकाच भागाचे गुण उंच उडालेले दिसले की तिथे काहीतरी मोठं घडतं हेही कळून जातं. ही पाहणी सुचवणाऱ्याने करावी, बघणाऱ्याने नाही. प्रदर्शित झाल्या झाल्या १ आणि १० यांचाच पाऊस पडला असेल तर ती बाहेरच्या भांडणाची मतमोजणी असते. दोन आठवडे थांबून आकडा परत बघा.

‘टॉप १०’मध्ये आहे म्हणून सुचवणं तर अगदीच लंगडं. नेटफ्लिक्स जून २०२३ पासून पाहिलेले एकूण तास भागिले मालिकेची लांबी असा ‘व्ह्यूज’चा हिशोब करतं. मालिका किती बघितली गेली हे त्यातून कळतं. ती आवडली का, याचं उत्तर त्यात नाही.

कोणाला काय सुचवावं

‘काहीतरी चांगलं सांग ना’ याला लगेच नाव फेकू नका. उलट विचारा: शेवटची आवडलेली मालिका कोणती आणि तिच्यातलं काय आवडलं? एका बैठकीला वेळ किती असतो? एकट्याने बघणार की घरच्यांसोबत, मुलं असतात का? काय अजिबात सहन होत नाही? सबटायटल वाचायची तयारी आहे का, आणि कुठल्या सेवा घरात आहेत? सगळे प्रश्न एकदम विचारले तर चौकशी समितीसमोर बसवल्यासारखं वाटेल. पहिले दोन पुरेत, बाकीचे बोलता बोलता निघतात. सहन न होणाऱ्या गोष्टींचा मात्र विसरू नका. हिंसा एखाद्याला चालते, पण लहान मूल संकटात सापडलेलं, प्राण्याला मारलेलं, लैंगिक अत्याचार किंवा आत्महत्या दाखवलेली चालत नाही. आणि हे चौथ्या भागात अचानक समोर येणार असेल तर आधी सांगण्याची जबाबदारी सुचवणाऱ्याचीच.

‘काय आवडलं’ या प्रश्नाचं उत्तर नीट ऐकणं हे सगळ्यात मोठं काम. समजा कोणी सांगितलं की ‘चर्नोबिल’ (२०१९, ५ भाग) खूप आवडली. बहुतेक जण लगेच दुसरी ऐतिहासिक मालिका पुढे करतात. पण आवडण्याची कारणं निदान तीन असू शकतात. अणुभट्टीत नेमकं काय बिघडलं आणि माणसांनी ते कसं आवरलं, यात जीव रमला असेल तर फुकुशिमाच्या दुर्घटनेवरची जपानी ‘द डेज’ (२०२३, ८ भाग) सुचवा, आणि ती जास्त संथ आहे हेही सांगा. व्यवस्थेने खोटं कसं रेटलं आणि ते कसं उघडं पडलं, हे भिडलं असेल तर ब्रिटिश टपालखात्यातल्या सदोष संगणकप्रणालीमुळे चोर ठरवल्या गेलेल्या पोस्टचालकांवरची ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ (२०२४, ४ भाग). तिथे किरणोत्सार नाही, स्फोट नाही, पण राग तोच येतो. आणि उत्तर ‘पाच भागांत संपली, जीव सुटला’ असं असेल तर विषय गौण आहे. त्या माणसाला आखूड आणि पूर्ण गोष्ट हवी आहे. त्याला पाच सीझनची उत्तम मालिकाही नको.

एका वेळी एकच नाव द्या, फार तर दोन: एक हमखास जमेल असं, एक जरा वाकडी वाट धरणारं. दहा नावांची यादी दिली की एकही बघितली जात नाही.

नावाबरोबर साल आणि देश किंवा भाषा द्याच. ‘द ऑफिस’ म्हटलं तर २००१ ची ब्रिटिश की २००५ ची अमेरिकन? ‘हाउस ऑफ कार्ड्स’ १९९० ची ब्रिटिश, ४ भागांची, की २०१३ ची? ‘शोगुन’ १९८० ची की २०२४ ची? चुकीची मालिका तीन भाग पाहून मग ‘तू म्हणालास तशी नाही’ अशी तक्रार येते.

मालिकेची सद्यस्थिती त्याच दिवशी तपासा, आठवणीवर जाऊ नका. हक्क एका सेवेकडून दुसरीकडे जातात. पुढचा सीझन जाहीर होणं, त्याचं चित्रीकरण सुरू होणं आणि तारीख ठरणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीवरून तिसरी गृहीत धरू नका. ‘सेव्हरन्स’चा पहिला सीझन एप्रिल २०२२ मध्ये ऐन मोक्यावर थांबला आणि दुसरा जानेवारी २०२५ मध्ये आला. ‘१८९९’चे आठ भाग नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, जानेवारी २०२३ मध्ये ती रद्द झाली आणि गुंता तसाच राहिला. अशा मालिका सुचवू नयेत असं नाही. पण ‘शेवट लटकलेला आहे, पुढे येणार नाही’ हे पहिल्याच दमात सांगावं. काही माणसांना उत्तरं न मिळालेली चालतात. ज्यांना चालत नाहीत ती वर्षानुवर्षं बोलून दाखवतात.

लेखी शिफारस साधारण अशी असावी:

‘ॲडोलेसन्स’ (ब्रिटन, २०२५). सुमारे तासाभराचे ४ भाग, गोष्ट तेवढ्यात पूर्ण होते. १३ वर्षांच्या मुलाला खुनाच्या संशयावरून सकाळी घरातून पकडून नेतात, तिथून सुरुवात. प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये आहे, तेव्हा मध्ये थांबवू नका, तासभर मोकळा असेल तेव्हाच लावा. रहस्यकथेच्या अपेक्षेने बसू नका. विषय जड आहे. मुलांसोबत बघायची असेल तर मोठ्यांनी आधी एकट्याने बघावी.

यात ‘उत्कृष्ट’ हा शब्द नाही आणि त्यावाचून काही अडलेलं नाही. ‘रहस्यकथेच्या अपेक्षेने बसू नका’ हे वाक्य किंचित गोष्ट फोडतं हे खरं. पण ते नसेल तर चुकीच्या अपेक्षेने बसलेला माणूस दुसऱ्या भागात उठून जातो. इतपत फोडणं परवडतं.

गोष्ट न फोडता बोलणं

पहिल्या भागाच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत जे कळतं ते सांगायला मोकळीक. त्यापुढचं काहीही सांगताना आधी विचारायचं, ‘कुठपर्यंत आलात?’ हा नियम बहुतेकांना माहीत असतो. घोळ होतो तो आडून फुटणाऱ्या गोष्टींमुळे. ‘शेवटी डोकं चक्रावेल’ असं सांगितलं की माणूस प्रत्येक प्रसंगात शेवट शोधत बसतो. ‘त्याच्यावर फार जीव लावू नको’ म्हणजे तो मरणार. ‘आठवा भाग आला की फोन कर’ म्हणजे आठव्यात काहीतरी आहे. ‘नवरा निर्दोष आहे की नाही ते मी सांगणार नाही, पण...’ यातल्या ‘पण’नेच सगळं सांगितलं.

‘द गुड प्लेस’ (२०१६ ते २०२०) ही सुचवायला अवघड मालिका आहे, कारण पहिल्या सीझनच्या १३ भागांचा आनंद ती कुठे नेते हे ठाऊक नसण्यातच आहे. तिच्याबद्दल एवढंच सांगावं: मेल्यानंतर चुकून भलत्याच चांगल्या ठिकाणी पोचलेली एक बाई, २२ मिनिटांच्या आसपासचे भाग, पहिला सीझन पूर्ण बघायचा आणि तोवर शोधाशोध करायची नाही. का, ते सांगायचं नाही.

शोधाशोध करायची नाही हे वेगळं बजावण्याचं कारण आहे. आयएमडीबीवर कलाकाराच्या नावापुढे तो किती भागांत आहे तो आकडा असतो. दहापैकी तीन दिसले की उरलेलं समजतं. पुढच्या भागांची शीर्षकं, छोटी चित्रं, शोधपेटीत नाव टाकताच येणाऱ्या सूचना, सगळीकडे पात्रांची मरणं उघडी पडलेली असतात. नटाचं नाव हवं असेल तर ते भागाच्या शेवटच्या श्रेयनामावलीत बघायला सांगा.

लिहून मत देताना पहिली ओळ फक्त नाव आणि मर्यादा: ‘अमुक मालिका, सीझन २ भाग ६ पर्यंत सगळं फोडलेलं आहे’. त्यानंतर रिकाम्या ओळी सोडा, कारण फोनवरच्या सूचनेत पहिल्या दोन-तीन ओळी आपोआप दिसतात. टेलिग्राममध्ये मजकूर निवडून तो झाकण्याची सोय आहे. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मजकुराच्या दोन्ही टोकांना दोन-दोन उभ्या रेघा दिल्या की तो झाकला जातो. चित्र टाकणार असाल तर त्याच्या छोट्या रूपात काय दिसतंय ते तपासा. रडका चेहरा आणि मेणबत्तीचं चिन्ह हेही मजकूरच आहेत.

गटात बघत असाल तर मुदत आधीच ठरवून टाका. आठवड्याला येणाऱ्या भागासाठी तीन दिवस रास्त वाटतात. तेवढ्यात बहुतेकांचं बघून होतं. अख्खा सीझन एकदम आला असेल तर दिवसांची मुदत चालत नाही, कारण एक जण रात्रीत संपवतो आणि दुसरा महिन्याने. तिथे भागवार बोला: ‘भाग १ ते ३’चा एक धागा, ‘४ ते ६’चा दुसरा. पुढे गेलेल्याने मागच्या धाग्यात लिहिताना पुढचं माहीत असल्याचा सूरही लावू नये. ‘हं, बघ पुढे’ हे दोन-तीन शब्द अख्खा धागा नासवतात.

सुचवून झाल्यावर

रोज ‘कुठे पोचलीस?’ विचारू नका. तिसऱ्या भागाच्या सुमाराला एकदा विचारा. रंगत येत नसेल तर ‘सोडून दे’ म्हणा, मनापासून. पुढे रेटायला लावलेली मालिका कोणाला आवडत नाही. कुठे सोडली तेवढं मात्र टिपून ठेवा. त्याच व्यक्तीने तीनदा दुसऱ्या भागात सोडलं असेल तर तुमचा अंदाज गतीच्या बाबतीत चुकतोय, विषयाच्या नाही.

कोणी उलट मत दिलं तर ‘तुला कळलीच नाही’ म्हणण्याआधी भाग विचारा. निम्मे वाद तिथेच मिटतात: एकाने सहा भाग पाहिलेले असतात, दुसऱ्याने दोन. उरलेल्या निम्म्यांत एकाला जी गोष्ट दोष वाटते तीच दुसऱ्याला हवी असते, आणि तिथे जिंकण्यासारखं काही नसतं.

तारे किंवा गुण देत असाल तर प्रत्येकाचा अर्थ ठरवून ठेवा. पाचपैकी तीन म्हणजे ‘हातात वेळ असेल तर’, चार म्हणजे ‘वेळ काढून’, पाच म्हणजे ‘पुन्हा बघेन’, असं काहीही चालेल, पण ते बदलू नका. साडेतीन, पावणेचार यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

चालू मालिकेचं मत एकदा देऊन संपत नाही. सीझन संपला की जुन्या नोंदीखाली नवी तारीख टाकून दोन ओळी लिहा: ‘भाग ५ पर्यंत बघाच म्हटलं होतं. भाग ८ नंतर: शेवटचे दोन भाग घाईत उरकलेत, मधल्या बहिणीचं उपकथानक तसंच टाकून दिलंय.’ जुनी नोंद खोडू नका. पुढच्या सीझनच्या वेळी ‘सुरुवातीला भुलवते, शेवटी गडबडते’ ही मालिकेची खोड तिच्यावरूनच कळते. मालिका मध्येच रद्द झाल्याची बातमी आली तर आपण जिला-ज्याला ती सुचवली त्यांतलं अजून कोण ती बघतंय ते आठवा आणि थेट निरोप पाठवा, पाचव्या भागाच्या आत असतील तर त्याच दिवशी.